स्लायडर होते तरी इंजिनाचे आटे गेले: एका गाडीचं प्रकरण

गाडी म्हणजे मोटरसायकल, सेमी-फेअर्ड (अर्ध्या भागाला फेअरिंग म्हणजे प्लास्टिकचं आवरण), दोन सिलिंडरची, टाकी भरून साधारण १९० किलो. फ्रेम स्टीलच्या पाइपची, पण खालून इंजिनाला धरणारे पाइप नाहीत, इंजिन स्वतःच फ्रेमचा खालचा भाग म्हणून भार घेतं. पुढच्या बाजूला डावी-उजवीकडे एकेक हँगर प्लेट फ्रेमवरून खाली येते आणि एकाच बोल्टने क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाला, धरते. हे आधीच सांगून ठेवतो कारण सगळं प्रकरण त्या बोल्टभोवती फिरतं. गाडी माझ्या मित्राची, दोन्ही बाजूंना स्लायडर (गाडी पडली तर आधी जमिनीला घासावेत म्हणून बाहेर काढलेले ठोकळे) लावलेले, आणि पडली कशी तर यू-टर्न घेताना, चालायच्या वेगात, पाय टेकायला गेला तिथे उतार निघाला आणि गाडी डावीकडे आडवी. त्याला खरचटलंही नाही.

असल्या पडण्यात काय व्हायला पाहिजे? बार-एंड (हँडलच्या टोकाचा तुकडा) घासतो, लिव्हरचं टोक जातं, पेग (पाय ठेवायचा दांडा) वाकतो, बस. तेवढं झालंच. पण शिवाय स्लायडर वरच्या बाजूला फिरून फेअरिंगमध्ये घुसला, फेअरिंग आतून तडकलं, हँगर प्लेट खालच्या टोकाला २ मिमी आत वाकली, आणि बोल्ट काढायला गेलो तर तो वाकलेला, आणि त्याच्यासोबत क्रँककेसमधल्या ॲल्युमिनियमच्या आट्यांची गुंडाळी बाहेर आली, स्प्रिंगसारखी. मित्र म्हणाला, "अरे स्लायडर होता ना, मग हे कसं?" त्याचं उत्तर असं की स्लायडर होता म्हणूनच झालं. त्या जागी काहीच नसतं तर फेअरिंगला ओरखडे आणि अल्टरनेटर कव्हरला घासल्याचा डाग एवढ्यावर भागलं असतं.

काढलेला माल टेबलावर मांडून नीट बघितला. किट "युनिव्हर्सल" प्रकारातलं, फेअरिंग कापावं लागू नये म्हणून एक वाकडं ब्रॅकेट, ते माउंटिंगच्या बोल्टला धरायचं आणि स्लायडर त्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे बोल्टपासून ५० मिमी पुढे. स्लायडरचा ठोकळा पूर्ण प्लास्टिकचा, आत धातूची नळी नाही, नुसतं आरपार भोक. ब्रॅकेटवर माउंटिंग बोल्टच्या डोक्याखालीसुद्धा जाड प्लास्टिकचा वॉशर, बहुतेक रंगाला चरा पडू नये म्हणून. बोल्ट चकचकीत स्टेनलेस, डोक्यावर ए२-७० कोरलेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे व्हर्नियर लावून बघितलं तर आट्यांवर लॉकटाइटचा, म्हणजे बोल्ट सुटू नये म्हणून लावायच्या थ्रेडलॉकर गोंदाचा, निळा डाग फक्त शेवटच्या ९ मिमीवर होता. कंपनीचा मूळ बोल्ट त्याच भोकात १८ मिमी जातो.

या ९ मिमीबद्दल थोडं सविस्तर. स्टीलमध्ये आटे बोल्टच्या व्यासाइतके खोल धरले की काम होतं, ॲल्युमिनियममध्ये किमान दीडपट पाहिजे आणि जमलं तर दुप्पट. एम१० म्हणजे १० मिमी व्यासाच्या बोल्टला १५ ते २० मिमी. इथे एक पटसुद्धा नव्हतं. किट बनवणाऱ्याने ब्रॅकेटची जाडी आणि वॉशरची जाडी मधे घातली पण बोल्ट तेवढा लांब दिला नाही, किंवा सगळ्या गाड्यांना एकच लांबी दिली, काहीही असो. घट्ट करताना हे कळत नाही, पाना छान घट्ट लागतो.

दुसरं, उजव्या बाजूचा बोल्ट जो पडण्यात आलाच नव्हता, तो साध्या पान्याने हलक्या हाताने सुटला. लावताना तो व्यवस्थित घट्ट केला होता यावर मित्र ठाम आहे आणि मला ते खरं वाटतं. प्लास्टिक दाबाखाली हळूहळू बसत जातं, त्यात इंजिनाची उष्णता, कूलंटच ९०-१०० अंशांना असतं, मग दाब कमी होत होत बोल्ट नुसता नावाला उरतो. इंजिन धरणाऱ्या बोल्टच्या दाबाच्या वाटेत प्लास्टिक असता कामा नये, ना ठोकळ्याचं ना वॉशरचं. दाब डोक्यापासून हँगरपर्यंत धातूतूनच गेला पाहिजे, प्लास्टिकने बाहेरून फक्त कोट घालायचा.

जोर जातो कुठे

स्लायडर बघताना सगळे ठोकळा बघतात, रंग, आकार, लोगो. विकत खरं घ्यायचं असतं ते आतलं, कारण ठोकळा फक्त घासायचं काम करतो, पडल्याचा जोर पुढे कुठे जाणार ते बोल्ट, ठोकळ्याच्या आतली धातूची नळी आणि तिचं हँगरवर टेकणारं बूड ठरवतात. ढोबळ हिशोब करून मित्राला दाखवला, इथेही देतो. उभ्या गाडीचा गुरुत्वमध्य आणि आडव्या गाडीचा यांत साधारण २५ सेंमीचा फरक धरा. १९० किलो गुणिले ९.८१ गुणिले ०.२५, म्हणजे ४६५ ज्यूलच्या आसपास. ही ऊर्जा कुठेतरी जिरवायची आहे. थांबायला १० मिमी मिळाले तर सरासरी जोर ४६ किलोन्यूटन, २० मिमी मिळाले तर निम्मा. सगळा एकट्या स्लायडरवर येत नाही, टायर, बार-एंड, पेग वाटून घेतात, पण स्लायडरच्या वाट्याला १० किलोन्यूटन, म्हणजे एक टन, हे काही जास्त धरलेलं नाही.

गाडी पूर्ण आडवी होत नाही, स्लायडरवर टेकते तेव्हा बोल्ट उभ्या रेषेपासून साधारण २५ अंश कललेला असतो. त्या १० मधले ९ किलोन्यूटन बोल्टच्या दिशेने सरळ आत जातात आणि ४ च्या थोडं वर आडवे. सरळ जाणारा जोर ब्रॅकेटवाल्या स्लायडरमध्ये माउंटिंगपासून ५० मिमी बाजूला पडतो, म्हणजे ४५० न्यूटन-मीटर, एका ६ मिमीच्या पत्र्यावर. पत्रा वाकणारच, वाकता वाकता बोल्टभोवती फिरणारच, आणि फिरला की स्लायडर फेअरिंगमध्ये. आमच्याकडे हेच झालं.

सरळ माउंटिंगवर बसणाऱ्या स्लायडरला हा त्रास नाही, तिथे फक्त आडवा जोर सांभाळायचा. ६५ मिमी लांब स्लायडरला तो ४.२ गुणिले ६५, म्हणजे २७० न्यूटन-मीटर. ९५ मिमी लांब असेल तर तोच ४०० होतो, म्हणून "जास्त बाहेर आला की जास्त सेफ" हा समज डोक्यातून काढून टाका. आता एम१० चा १०.९ ग्रेडचा बोल्ट एकटा साधारण ५५ न्यूटन-मीटरला कायमचा वाकायला लागतो. २७० पुढे ५५! मग स्लायडर टिकतो कसा? टिकतो तो नळीच्या बुडावर. बोल्टने बूड हँगरवर दाबून धरलेलं असतं, ते बूड उचकटल्याशिवाय बोल्टला वाकताच येत नाही. ४९ न्यूटन-मीटरने घट्ट केलेला एम१० बोल्ट अंदाजे २४-२५ किलोन्यूटनने दाबतो. बूड ३० मिमी व्यासाचं असेल तर उचकटायला ३६५ च्या आसपास लागतात, १८ मिमीचं असेल तर २२०. म्हणजे त्याच बोल्टवर, त्याच पान्याने, एक स्लायडर तग धरतो आणि दुसरा वाकतो. हा हिशोब कागदावरचा आहे, खऱ्या पडण्यात शंभर गोष्टी असतात, पण स्लायडर हातात घेतला की बूड मोजायची सवय लावा.

काय काय पर्याय होते

लोखंडी क्रॅश बार हा पहिला विचार. हळू पडण्यासाठी तो चांगलाच, दोन-तीन ठिकाणी धरलेला असतो, जोर वाटला जातो. पण या गाडीसाठी मिळणारा बार खालून त्याच दोन हँगर बोल्टना आणि वर एका पातळ क्लॅम्पला धरणारा होता, आणि रुंदी बरीच. घसरत जाताना पाइप रस्त्यातल्या कशात तरी अडकून गाडी कोलमडायची शक्यताही स्लायडरपेक्षा जास्त. टूरिंगची उंच गाडी असती तर मी बारच सुचवला असता. ब्रॅकेटवालं चांगल्या दर्जाचं किट हा दुसरा, त्यात ब्रॅकेट दोन बोल्टना धरलेलं असेल तर विचार करण्यासारखं, इथे दुसरा बोल्टच जवळपास नाही. तिसरा म्हणजे फेअरिंगला भोक पाडून सरळ माउंटिंगवर. मित्राचा जीव फेअरिंगमध्ये अडकलेला, पण डावं पॅनल तसंही तडकलेलं होतं, त्यामुळे वाद फार चालला नाही.

चौथा पर्याय लोक विसरतात, तो म्हणजे तिथे स्लायडर लावायचाच नाही. ज्या गाड्यांना ॲल्युमिनियमची ओतीव फ्रेम आहे आणि माउंटिंगचा कान त्या फ्रेमचाच भाग आहे, तिथे कान तडकला तर फ्रेम गेली, आणि फ्रेम बदलायची म्हणजे गाडीच मोडीत काढल्यासारखं. अशा गाडीवर मी इंजिन कव्हरचे गार्ड, बार-एंड आणि ॲक्सल स्लायडर एवढ्यावरच थांबेन, फेअरिंग गेलं तर गेलं. पडल्यावर काहीतरी मोडणारच, ते काय असावं हे आधी ठरवायचं आणि बाकीचं त्याहून मजबूत ठेवायचं. आमच्या गाडीत नशिबाने हँगर प्लेट सुटी होती, चार बोल्ट काढले की हातात, नवी मिळते. म्हणून क्रम असा ठरला: आधी ठोकळा झिजावा, मग बोल्ट वाकावा, मग हँगर, आणि क्रँककेसपर्यंत काहीही पोचू नये.

मित्राला १२.९ चा बोल्ट हवा होता, "सगळ्यात स्ट्राँग". नाही म्हटलं. आकड्यांचा अर्थ सरळ आहे, १०.९ म्हणजे तुटायला १००० मेगापास्कल आणि कायमचा ताणला जायला त्याच्या ९० टक्के, ८.८ मध्ये ८०० आणि ८० टक्के, १२.९ मध्ये १२०० आणि ९० टक्के. पण समोर आटे ॲल्युमिनियमचे, टॉर्क (घट्ट करायचा जोर) तोच ठेवावा लागणार, मग जास्त ताकदीचा फायदा कुठून मिळणार? उलट बोल्ट वाकला नाही तर वाकण्याची पाळी पुढच्यावर येते, म्हणजे क्रँककेसवर. शिवाय इतकं कडक स्टील झिंक प्लेटिंग नीट केलेलं नसेल तर ठिसूळ होऊन कधी अचानक तुटतं. कंपनीचा मूळ बोल्ट १०.९ होता, तोच ग्रेड घेतला. आणि ते चकचकीत ए२-७० स्टेनलेस? तुटायला ७०० आणि ताणायला ४५० मेगापास्कल, म्हणजे ८.८ पेक्षाही खाली. नंबर प्लेटला लावा, इंजिनाला नको.

ठोकळ्याच्या मालाबद्दल विक्रेते काहीही सांगतात, काळं दिसलं की सगळं "डेलरिन". डेलरिन हे ॲसिटल म्हणजे पीओएम प्लास्टिकचं एक व्यापारी नाव आहे. पीओएम कडक, घासून नीट झिजणारं, पाणी फारसं न पिणारं. नायलॉन चिवट असतं पण पाणी शोषून फुगतं. यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन सगळ्यात छान घसरतं पण मऊ, धरून ठेवलेल्या जागी दबत जातं. ओळखायची साधी युक्ती म्हणजे सुटा ठोकळा पाण्यात टाका, पॉलिथिलीन तरंगतं. नायलॉन आणि पीओएम दोन्ही बुडतात, पण पीओएमची घनता १.४१ आणि नायलॉनची १.१४, म्हणजे मापट्यात किती पाणी वर चढलं ते बघून आणि वजन करून फरक कळतो. जाळून बघायचे व्हिडिओ असतात, ते करू नका, पीओएम जळताना फॉर्मल्डिहाइड सोडतं. आम्ही पीओएमचा ठोकळा, आत ३० मिमी बुडाची ॲल्युमिनियमची नळी, टोक चांगलं गोलाई दिलेलं, असा घेतला. धारदार कडेचा ठोकळा खड्ड्यात रुततो. पूर्ण ॲल्युमिनियमचेही मिळतात, दिसायला देखणे, पण रस्ता पकडतात आणि धक्का जसाच्या तसा आत पाठवतात.

लांबी कशी ठरवली

इथे वेळ घालवलाच पाहिजे. जमीन सपाट बघितली, दोन गाद्या घातल्या, तिघांनी गाडी धरून हळूहळू डावीकडे कलवली, बॅटरीची तार काढून आणि टाकीत पेट्रोल कमी ठेवून. एक सरळ लांब फळी बार-एंडपासून पेगपर्यंत टेकवली. ही फळी म्हणजे रस्ता समजा. फळीच्या आत जे राहतं ते वाचलं, बाहेर जे डोकावतं ते घासणार. हँडल सरळ असताना अल्टरनेटर कव्हर फळीच्या आत ८-९ मिमी होतं. मग हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि चित्र बदललं, बार-एंड मागे आणि आत सरकला, फळी खाली बसली आणि कव्हर थेट फळीला लागलं, वर टाकीचा कोपराही जवळ आला. पडताना हँडल बहुतेक वेळा वळलेलंच असतं, त्यामुळे हीच मोजणी खरी धरायची.

स्लायडरच्या जागी पुठ्ठ्याची गुंडाळी करून लावली आणि कव्हर फळीपासून ५ मिमी तरी सुटेपर्यंत लांबी वाढवत नेली. हँगरपासून ६५ मिमी निघाली. जुना स्लायडर ९५ चा होता, म्हणजे ३० मिमी उगाच. वळलेल्या हँडलच्या स्थितीत तीन टेकू मिळाले, बार-एंड, स्लायडर, पेग. पण पेग वर दुमडला की मागचा टेकू जातो आणि कव्हर पुन्हा धोक्यात. म्हणून डाव्या कव्हरवर वेगळा गार्डही लावला. ते कव्हर पातळ असतं, आत तेल असतं, भोक पडलं की तेल नेमकं मागच्या टायरसमोर सांडतं. पुढच्या ॲक्सलमधून रॉड घालून बसणारे स्लायडरही घेतले, फोर्कचं बूड आणि कॅलिपर वाचतात आणि पुढून आणखी एक टेकू मिळतो.

बोल्टची लांबी आता सरळ बेरीज होती. भोक २७ मिमी खोल, त्यात आटे २२ मिमीपर्यंत. हँगर ८ मिमी, नळीतला बोल्टचा टेकू हँगरपासून ३२ मिमीवर, २ मिमीचा कडक वॉशर. ६० चा बोल्ट घेतला तर ६० वजा ४२ म्हणजे १८ मिमी आट्यात, मूळ बोल्टइतकंच. ६५ चा घेतला असता तर २३, म्हणजे आटे संपतात तिथे बोल्ट अडकणार, पाना घट्ट लागणार, टॉर्क रेंच टक् करणार आणि हँगरवर दाब शून्य. आखूड बोल्टपेक्षा हा प्रकार जास्त फसवा. पिच गेज लावून पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी असल्याची खात्री केली, दुकानात सहज हातात पडतो तो एम१० बोल्ट १.५ पिचचा असतो, तो दोन-तीन फेरे जातो आणि मग लोक जोर लावतात. डोकं ठोकळ्यात २० मिमीपेक्षा जास्त आत राहतं हेही बघून घेतलं, नाहीतर ठोकळा झिजला की लोखंड रस्त्यावर.

बसवणं

आधी आटे. इंजिनाखाली, सायलेन्सरचे पाइप आणि ऑइल फिल्टर सोडून, लाकडी ठोकळा ठेवून जॅक अलगद टेकवला. जॅक किती उचलायचा हे कळायची खूण म्हणजे माउंटिंगचा बोल्ट बोटांनी फिरायला लागतो. त्याहून वर गेलात की पुन्हा जड होतो. आणि एका वेळी एकच बाजू, दोन्ही कधीच नाही. हँगर काढून भोकाच्या आजूबाजूला लाल डाय पेनेट्रंट मारला, थांबलो, पुसला, वर पांढरी पावडर. चीर असती तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटली असती. काही उमटलं नाही. मग थ्रेड इन्सर्ट, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची स्टीलची गुंडाळी, ज्याला सगळे हेलिकॉइलच म्हणतात. भोक बंद आहे, आत इंजिनात उघडत नाही, हे खात्रीने बघूनच ड्रिल, टॅपला ग्रीस फासून म्हणजे कीस त्यालाच चिकटतो, दर अर्ध्या फेऱ्याला मागे. २० मिमीचा इन्सर्ट बसवून खालची शेपटी तोडून चिमट्याने बाहेर काढली. ॲल्युमिनियममधला स्टीलचा इन्सर्ट मूळ आट्यांपेक्षा चांगलाच धरतो, त्यामुळे या बाजूची चिंता मिटली.

फेअरिंगला भोक कुठे पाडायचं यासाठी टेप घेऊन मोजत बसू नका. डोकं कापलेला जुना बोल्ट घ्यायचा, टोक पेन्सिलसारखं घासायचं, माउंटिंगमध्ये लावायचा, फेअरिंगचे सगळे स्क्रू आपापल्या जागी नेऊन पॅनल हलकेच दाबायचं. आतून ठिपका पडतो. त्यावर ३ मिमीचं भोक, मग बाहेरून मास्किंग टेप लावून होल सॉ, सुरुवातीला उलटा फिरवत म्हणजे रंग उडत नाही, आणि अगदी कमी वेगाने कारण एबीएस प्लास्टिक कापलं जायच्या ऐवजी वितळून दातांना चिकटतं. भोक ठोकळ्यापेक्षा सगळीकडून ५ मिमी मोठं. बरेच जण फिट्ट बसवायच्या नादात १ मिमी ठेवतात, मग इंजिनाच्या थरथरीने कडा घासत राहते आणि पडल्यावर ठोकळा जरा सरकला की पॅनल फाटतं. कडेला रबरी पट्टी लावली की दिसतंही बरं.

बाकी घट्ट करणं लवकर उरकतं. आटे ब्रेक क्लीनरने साफ, मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर, बोल्ट आधी हाताने पूर्ण आत जातोय ना बघायचं. टॉर्कवरून थोडी चर्चा झाली. स्लायडरच्या कागदावर ६० होतं, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या माउंटिंगला ४९. व्यास तोच, ग्रेड तोच, आटे तेच, मग मॅन्युअलचंच ऐकायचं. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, हा उचलू नका. घट्ट झाल्यावर डोक्यावरून नळीवर पेंट मार्करने एक रेघ, बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते. काही गाड्यांना माउंटिंगमध्ये आट्यांची ॲडजस्टर कॉलर आणि वर खाचांचा लॉकनट असतो, तिथे आधी काय ढिलं आणि नंतर काय घट्ट याचा क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तो चुकवला तर बोल्ट फ्रेमलाच इंजिनाकडे ओढतो. आमच्याकडे तसं नव्हतं.

हँडलवर क्लच लिव्हरचा क्लॅम्प मात्र मुद्दाम जरा हलका ठेवला, रोजच्या वापरात हलत नाही पण जोराचा फटका बसला तर फिरतो. याने जितक्या लिव्हर वाचतात तितक्या कुठल्याच गार्डने वाचत नाहीत असं माझं मत. काही शे किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर टॉर्क पुन्हा तपासला, रेघा जागच्या जागी, रेंच लगेच टक्.

पुन्हा पडली

नंतर वळणावर खडी होती, पुढचं चाक सरकलं, वेग दुसऱ्या गिअरमधला, पुन्हा डावीकडेच, आणि या वेळी गाडी दोन-तीन मीटर घसरत गेली. म्हणजे पहिल्यापेक्षा वाईट पडणं.

ठोकळ्याचा तोंडाकडचा भाग तिरका घासला गेला, एका कडेला ७ मिमी गेलेले, दुसरीकडे २. घासल्याच्या रेघा सगळ्या एकाच दिशेने, म्हणजे तो कुठे रुतला नाही की फिरला नाही. पेंटची रेघ अखंड. बार-एंड अर्धा संपला, पेग मागे वाकला, लिव्हर फिरून खाली गेली आणि शाबूत. ॲक्सल स्लायडरला चपटा डाग. अल्टरनेटर कव्हरच्या गार्डवर रुपयाएवढं घासलेलं होतं, आणि ते पेग वाकल्यावरचंच असणार कारण फळीच्या हिशोबात तिथे लागायला नको होतं. फेअरिंगचा खालचा काठ आणि मागचं पॅनल खरवडलं, तिथे पुढचा स्लायडर काहीच करू शकत नाही. भोकाची कडा जशीच्या तशी.

ठोकळा चांगला दिसतोय म्हणून तसाच ठेवायचा नसतो. जॅक लावून बोल्ट काढला, काचेवर लोळवला, मधे उजेडाची बारीक फट दिसली, फीलर गेजने ०.३ मिमी. कमी आहे, पण एकदा वाकलेला बोल्ट इंजिन धरायला परत लावायचा नाही, भंगारात. हँगर काढून सपाट काचेवर ठेवली, डगमगली नाही. पेनेट्रंट पुन्हा मारला, हँगरवर आणि क्रँककेसवर, स्वच्छ. इन्सर्टमध्ये नवा बोल्ट बोटांनी तळापर्यंत गेला.

मित्राचं म्हणणं ठोकळा तसाच राहू दे, आता गाडीला जरा रुबाब आलाय. डोक्यावर अजून कमीत कमी १३ मिमी प्लास्टिक शिल्लक आहे, त्यामुळे हरकत घेतली नाही, फक्त घासून धारदार झालेली कड कानशीने गोल केली आणि ठोकळा नळीवर अर्धा फेरा फिरवून बसवला म्हणजे पुढच्या वेळी जाड बाजू खाली येईल. बोल्ट मात्र दोन जास्तीचे आणून ठेवलेत, त्याच लांबीचे, त्याच पिचचे, डब्यावर मार्करने "एम१० × १.२५ × ६०, १०.९" लिहून, कारण घाईत दुकानदार कुठला देईल सांगता येत नाही. मागच्या स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) स्पूल म्हणजे बाहेर येणाऱ्या गोल गुंड्या लावायच्या का हे अजून ठरलेलं नाही. मागचं चाक उचलून धरणाऱ्या पॅडॉक स्टँडला त्या कामाच्या आहेतच, पण तिथला बोल्ट एम६ असेल तर पडण्यात त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस, असं त्याला सांगून ठेवलंय.